ड्रायव्हर नाही म्हणून...

१९९६ सालचा मे महिना. साताऱ्याला मामाच्या घरी आम्ही सगळे सुटीला जमलो होतो. माजघरात शिवणाचे मशीन हलवून त्या टेबलावर एक संगणक मांडलेला होता. मामाने तो एका कार्यालयाच्या लिलावातून आणलेला. पेटी पत्र्याची, चांगली जड. पडदा काळापांढरा. पण मामा ज्यासाठी त्याच्यावर बोली लावून बसला होता ती वस्तू पेटीच्या आत होती: पडद्यावर मराठी अक्षरे उमटवणारे एक कार्ड.

आजीला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ होत्या. काही तिच्या आईच्या, काही सासूच्या, काही तिने स्वतः जुळवलेल्या. त्या उतरवून घ्यायच्या, नीट लावायच्या आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक प्रत द्यायची, असे मामाने निवृत्तीनंतरचे काम ठरवले होते. संगणक सुरू होई, इंग्रजी अक्षरे झरझर उमटत. पण मराठीचे नाव नाही. शेवटी पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमधल्या एका तरुणाला बोलावले. त्याने दीड तास खटपट केली, स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, कार्ड चांगलं आहे. पण ड्रायव्हर नाहीये."

आजी शेजारीच शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "मग बोलवा की त्याला! जेवायला गेला असेल."

आम्ही पोटभर हसलो. आजी मात्र हसली नाही. पैसे मोजून आणलेल्या गाडीला ड्रायव्हर नसेल तर त्याला शोधून आणायला हवे, यात हसण्यासारखे तिला काही दिसले नाही. पुढे अनेक वर्षे घरात कुठलेही यंत्र बिघडले की "ड्रायव्हर जेवायला गेला" असे म्हणायची आम्हाला सवय लागली. आणि जसजसा या विषयात शिरत गेलो, तसतसे आजीचे बोलणे खरे वाटू लागले. धडधाकट यंत्र आणि ते चालवायला बसलेला माणूस यांच्यामध्ये आणखी एक कोणीतरी लागतो. तो जागेवर नसेल तर दोघेही एकमेकांकडे नुसते पाहत राहतात.

मधला दुभाष्या

ड्रायव्हर म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. त्याचे काम दुभाष्याचे. संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण आपापली बोली बोलते. प्रिंटरला 'हे पान छाप' एवढे सांगून भागत नाही. ठराविक क्रमांकाच्या दारावर, ज्याला पोर्ट म्हणतात, आधी 'मोकळा आहेस का' असे विचारावे लागते. मग एकेक अक्षराचा आकडा तिथे ठेवावा लागतो. तो उचलला गेला की पुढचा. कागद संपला तर ती तक्रारही ऐकून घ्यावी लागते. माऊसची तऱ्हा वेगळी, डिस्कची त्याहून वेगळी. हे सगळे बारकावे प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने शिकायचे ठरवले, तर पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम कधी पुराच व्हायचा नाही. म्हणून मध्ये कार्यप्रणाली असते. ती सर्वांना 'वाच', 'लिही', 'तयार आहेस का' अशा मोजक्या आज्ञा देते आणि त्या आज्ञांचे त्या त्या उपकरणाच्या बोलीत भाषांतर ड्रायव्हर करतो.

ही वाटणी पहिल्यापासून अशी स्वच्छ नव्हती. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 'सीपी/एम' नावाची कार्यप्रणाली लिहिली. तिच्यात त्याने यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढून त्याला 'बायोस' हे नाव दिले. नवा संगणक बनवणाऱ्याने तेवढा तुकडा आपल्या यंत्रापुरता लिहायचा, बाकी सारे तसेच राही. कल्पना साधी, पण तिच्यामुळे एकच कार्यप्रणाली अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागली.

१९८० मध्ये सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसन याने इंटेलच्या नव्या प्रोसेसरसाठी सीपी/एमच्या धर्तीवर एक प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा 'पीसी' बाजारात आला, तो तिच्यासह. हीच ती डॉस. तिच्या पहिल्या आवृत्तीत ड्रायव्हर पोटातच शिवलेले होते. कळफलक, पडदा, प्रिंटर, फ्लॉपी, घड्याळ, बस्स. बाहेरच्या पाहुण्याला घरात शिरायला रीतसर दार नव्हते.

आणि पाहुणे तर रांग लावून उभे! पीसीच्या पेटीत कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या. शिवाय आयबीएमने यंत्राची अंतर्गत रचना नकाशांसह पुस्तकात छापून टाकली होती. त्यामुळे कोणीही उठावे आणि त्या खाचेत बसणारे कार्ड बनवावे, असे झाले. कोणी जादा स्मृतीचे, कोणी चांगल्या पडद्याचे, कोणी मोठ्या डिस्कचे. कार्ड बनवणाऱ्याला डॉस माहीत असे, पण डॉसला ते कार्ड माहीत नसे.

एका ओळीचे आमंत्रण

यावर तोडगा निघाला मार्च १९८३ मध्ये, डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत. 'कॉन्फिग.सिस' नावाची एक साधी मजकुराची फाईल. संगणक सुरू होताना डॉस ती वाचे. तिच्यात 'डिव्हाईस' असे लिहून, बरोबरचे चिन्ह देऊन, पुढे ड्रायव्हरच्या फाईलचे नाव लिहिले, की तो ड्रायव्हर घरात दाखल. बनवणाऱ्याने कार्डाबरोबर फ्लॉपी द्यायची, घेणाऱ्याने एक ओळ लिहायची. मायक्रोसॉफ्टच्या परवानगीची गरज नाही, डॉसला हात लावण्याची गरज नाही. त्या काळातल्या पीसीच्या भरभराटीत या एका ओळीचा वाटा मोठा आहे.

आतली रचनाही पाहण्यासारखी होती. सगळे ड्रायव्हर एका साखळीत उभे असत आणि प्रत्येकाच्या हातात पुढच्याचा पत्ता. साखळीच्या तोंडाशी 'नल' नावाचे एक पोकळ उपकरण होते. त्याच्याकडे काहीही पाठवा, ते गडप! नवा ड्रायव्हर आला की तो या नलच्या लगेच मागे, म्हणजे जुन्या साऱ्यांच्या पुढे उभा राही. डॉस नावाने हाक मारी आणि पहिला जो ओ देईल त्याला काम सांगे. त्यामुळे पडदा आणि कळफलक सांभाळणाऱ्या 'कॉन' या उपकरणाच्याच नावाचा नवा ड्रायव्हर आणला, तर तो आधी ओ देई आणि जुना आपोआप निवृत्त होई. घरची जुनी माणसे न दुखावता कारभार नव्या सुनेच्या हाती जावा तसे.

या 'कॉन'वरून आठवले. सायबर कॅफेंच्या दिवसांत पोरांमध्ये पैजा लागत, की 'सी-ओ-एन' या नावाचा फोल्डर विंडोजमध्ये बनवून दाखव. तो कोणालाच बनवता येत नसे. मग त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या कहाण्या. हे म्हणे बिल गेट्सचे शाळेतले टोपणनाव, म्हणून बंदी! खरे कारण एवढेच, की डॉसने ते नाव एका उपकरणासाठी राखून ठेवले होते आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांनीही ती राखीव जागा सांभाळली.

वाड्यातल्या पंधरा घंटा

ड्रायव्हर घरात घेतला म्हणजे संसार सुखाचा झाला, असे मात्र नव्हते. उपकरणाला संगणकाचे लक्ष वेधून घ्यायचे असेल तर त्याला एक तार दिलेली असे. तिला 'आयआरक्यू' म्हणत. आपण तिला घंटा म्हणू. माऊस हलला, घंटा वाजली. कळ दाबली, घंटा वाजली. प्रोसेसरने हातातले काम ठेवायचे आणि कोणत्या क्रमांकाची घंटा वाजली ते पाहून त्या ड्रायव्हरला उठवायचे.

मूळच्या पीसीत अशा आठ घंटा होत्या. १९८४ च्या 'पीसी एटी'मध्ये त्या सोळा झाल्या. त्यातली एक दोन फळ्या जोडण्यात खर्ची पडली, राहिल्या पंधरा. त्यातही कळफलक, घड्याळ, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांच्या ठरलेल्या. उरलेल्या चार-पाचांत साऱ्या नव्या भाडेकरूंनी भागवायचे. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांची बेल एकच निघाली की काय होते, ते चाळीत-वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. पाहुणा एकाचा, दार उघडतो दुसरा, आणि कधीकधी दोघेही 'त्यांच्याकडे आला असेल' म्हणून बसून राहतात.

हा अनुभव मी मुंबईला आमच्या घरात घेतला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यानंतर दोन वर्षांनी मीही हौसेने मोडेम बसवला. नंबर फिरायला लागला, ती ओळखीची किरकिर सुरू झाली, की माऊसचा बाण जागच्या जागी थिजे. मोडेम बंद केला, की बाण हलू लागे. दुकानदाराने आधी माऊस बदलून दिला, मग मोडेम. दोन्ही निर्दोष! माऊस होता पहिल्या सीरियल पोर्टवर आणि मोडेमला दिले होते तिसरे. आणि पहिल्या व तिसऱ्या पोर्टांची घंटा मुळात एकच, चौथ्या क्रमांकाची. शेवटी मोडेमच्या कार्डावरची नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी, जिला 'जंपर' म्हणत, चिमट्याने उचलून एक घर पलीकडे बसवली आणि आठ दिवसांचा तंटा मिटला. ती टोपी हातातून सटकून फरशीवर पडली, तेव्हा अख्खे घर हातात विजेरी घेऊन रांगत होते, तेही आठवते.

साऊंड कार्डांची कथा तर घरोघरची. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे 'साऊंड ब्लास्टर' १९८९ मध्ये आले आणि इतके चालले, की इतरांनी त्याची नक्कल करणेच पसंत केले. पण डॉसमध्ये आवाजासाठी सर्वमान्य ड्रायव्हर कधी झालाच नाही. प्रत्येक खेळ आपल्याबरोबर आपले दुभाषे घेऊन येई आणि सुरुवातीलाच विचारी: कार्ड कुठले, पोर्ट कुठले, घंटा कितवी? 'दोनशे वीस, पाच, एक' हे आकडे त्या पिढीच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ होते. आई-वडिलांना मात्र वाटे, मुलगा संगणकाचा मोठा अभ्यास करतो आहे.

प्रिंटरचेही तेच. डॉस प्रिंटरकडे आकडे पोचवी. ठळक अक्षर कसे, अधोरेखन कसे, ते ज्या त्या प्रोग्रॅमने पाहायचे. वर्डस्टारची सोय वेगळी, वर्डपरफेक्टची वेगळी. जगात प्रिंटरचे जितके प्रकार, तितके दुभाषे प्रत्येक प्रोग्रॅमकडे. विंडोज आल्यावर लोक तिच्याकडे वळले, त्याला रंगीत चित्रे कारणीभूत होतीच. पण प्रिंटरचा ड्रायव्हर एकदा घातला की सगळ्या प्रोग्रॅमना चालतो, हे सुखही थोडे नव्हते.

सहाशे चाळीसची खोली

आणखी एक अडचण जागेची. पहिल्या पीसीचा प्रोसेसर एकूण एक मेगाबाईट स्मृतीपर्यंतच पोचू शकत होता. त्यातले वरचे ३८४ किलोबाईट पडदा आणि बायोससाठी राखीव. डॉस, ड्रायव्हर आणि प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्रॅम, या सगळ्यांनी खालच्या ६४० किलोबाईटमध्ये दाटीवाटीने राहायचे. आज मोबाईलवर काढलेला एक फोटोही याहून मोठा असतो. त्या खोलीत माऊसचा ड्रायव्हर आला, सीडीचा आला, नेटवर्कचा आला, की घरच्या माणसाला पाय पसरायला जागा उरत नसे. संगणकात चार मेगाबाईट स्मृती असायची आणि तरीही पडद्यावर 'स्मृती अपुरी' असा निरोप यायचा!

१९९१ मध्ये डॉसच्या पाचव्या आवृत्तीने ड्रायव्हरांना वरच्या राखीव मजल्यावरच्या रिकाम्या कोनाड्यांत चढवण्याची सोय केली. मग कॉन्फिग.सिसमधल्या ओळी वरखाली करून दोन-चार किलोबाईट वाचवणे हा एक छंदच झाला. मोठा ड्रायव्हर आधी चढवावा की लहान, यावर संध्याकाळी क्लासच्या पायरीवर वाद चालत. ट्रंकेत सामान भरताना आपल्याकडे चालतात, अगदी तसेच.

देवनागरीला दार उघडले

आता मामाच्या कार्डाकडे वळू. डॉसचा पडदा म्हणजे ऐंशी स्तंभ आणि पंचवीस ओळींची चौकट. एकेका चौकोनात एकेक अक्षर, आणि अक्षरे एकूण २५६, तीही ठरलेली. या चौकोनात 'ए' आणि 'बी' छान बसतात. पण 'र्त्स्न्य'ने काय करावे? आपल्या लिपीत वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, उकार खाली लोंबतो, रफार डोक्यावर चढतो आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. नुसता ड्रायव्हर बदलून हे जमण्याइतकी ताकद त्या काळच्या यंत्रांत नव्हती.

कानपूरच्या आयआयटीत या प्रश्नावर काम सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाल्यावर ते काम तिथे पुढे गेले आणि 'जिस्ट' कार्ड तयार झाले. पीसीच्या खाचेत बसवायचे हे कार्ड. भारतीय अक्षरे जुळवून पडद्यावर दाखवण्याचा भार ते उचली. त्याची खुबी अशी, की डॉसवरच्या मजकुराच्या प्रोग्रॅमना बदलावे लागत नसे. त्यांना वाटे आपण नेहमीचे आकडेच हाताळतो आहोत. माणसाला मात्र पडद्यावर मराठी दिसे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट होती ती आकड्यांची. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे कार्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. 'इस्की' नावाचे एक राष्ट्रीय मानक ठरले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते स्वीकारले. पहिले १२८ आकडे इंग्रजीला, वरचे भारतीय लिप्यांना. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या लेकी. वर्णमालेचा क्रम एक. म्हणून 'क'ला १७९, मग तो मराठीचा असो, बंगालीचा की कन्नडचा. दिसण्याचे काम कार्डाचे, असण्याचे काम आकड्याचे. ही वाटणी ज्यांनी केली त्यांनी किती पुढचे पाहिले होते, ते मला कळायला पुढे वीस-बावीस वर्षे जायची होती.

साताऱ्याचा ड्रायव्हर अखेर सापडला, तो आजीच्या सांगण्याबरहुकूम. मामा सरळ त्या कार्यालयात गेला. तिथल्या एका जुन्या शिपायाने कपाटावरच्या धुळीतून, जुन्या मस्टरांखालून, एक फ्लॉपी काढून दिली. तिच्यावर पेनने फक्त 'मराठी' असे लिहिले होते. त्या संध्याकाळी माजघरातल्या पडद्यावर पहिली ओवी उमटली. आजीने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय." आजी चौथी शिकलेली होती.

लावा आणि देवाचे नाव घ्या

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या 'विंडोज ९५'ने जंपर आणि घंटांची कटकट संपवण्याचे वचन दिले होते. उपकरणाने स्वतःची ओळख सांगायची, प्रणालीने त्याला मोकळी घंटा आणि पोर्ट नेमून द्यायचे. या योजनेचे नाव 'प्लग अँड प्ले'. लोकांनी लगेच त्याचे 'प्लग अँड प्रे' केले: लावा आणि प्रार्थना करा! कारण नवी कार्डे नाव सांगत, पण जुनी कार्डे मुकीच होती. ती कुठली घंटा धरून बसली आहेत, हे विंडोजला अंदाजानेच ओळखावे लागे.

मग आली 'यूएसबी'. तिच्या जनकांपैकी एक, इंटेलमधले अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. एकाच आकाराची खाच, चालू संगणकाला जोडता-काढता येईल अशी. १९९६ मध्ये तिचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या 'कॉमडेक्स' प्रदर्शनात बिल गेट्स व्यासपीठावर उभे असताना त्यांचे सहकारी ख्रिस कॅपोसेला यांनी 'विंडोज ९८'च्या संगणकाला यूएसबीने स्कॅनर जोडला आणि साऱ्या सभागृहासमोर तो प्रसिद्ध निळा पडदा अवतरला! सभागृह हसले, गेट्सही हसले, आणि म्हणूनच आम्ही हे अजून विक्रीला काढलेले नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्यांनी वेळ मारून नेली. साक्षात मालकाच्या कार्यक्रमात ड्रायव्हर जेवायला गेला, तर आमची काय कथा!

आज आपण पेनड्राईव्ह खुपसतो आणि काम सुरू करतो. ड्रायव्हर हा शब्दही घरात फारसा निघत नाही. दुभाषे गेलेले नाहीत. ते पडद्याआड गेले आहेत.

दुभाष्या मेल्यावर

पण प्रश्न तिथे संपत नाही. खरे म्हणजे तिथे सुरू होतो. ड्रायव्हर लिहितो कोण? बहुधा उपकरण बनवणारी कंपनी. कार्यप्रणाली बदलली की त्याला नव्याने लिहावे लागते. कंपनी बंद पडली, किंवा तिला जुन्या गिऱ्हाइकासाठी खर्च करावासा वाटला नाही, तर चांगले चालणारे यंत्र एका रात्रीत मुके होते. आमच्याकडे एक स्कॅनर असाच गेला. काच स्वच्छ, दिवा लखलखीत, मोटार व्यवस्थित. नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर निघालाच नाही. भंगारवाल्याने त्याला वजनावर घेतले. प्रयोगशाळांतली मोजमापाची साधने आणि कारखान्यांतली यंत्रे अशाच कारणाने कित्येक ठिकाणी डॉसचा जुना संगणक शेजारी बाळगून राहिली. कारण त्यांची बोली जाणणारा दुभाष्या फक्त त्या म्हाताऱ्याच्या घरी होता.

या दुखण्यातून एक मोठी चळवळ जन्माला आली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा लेसर प्रिंटर आला. तो वरचेवर अडकायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन याने जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम सुधारून अशी सोय केली होती, की कागद अडकला की ज्यांची छपाई थांबली आहे त्यांना निरोप जाई. नव्या प्रिंटरसाठी तेच करावे म्हटले, तर त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवले. माझ्या दारातले यंत्र दुरुस्त करण्याची माझी तयारी आहे, अक्कल आहे, पण परवानगी नाही! स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे जे काम जाहीर केले, त्यामागची ही एक ठिणगी होती. पुढे १९९१ मध्ये आलेल्या लिनक्सला याच वाटेवरून शेकडो जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर मिळाले. त्यांतले बरेच हौशी लोकांनी लिहिलेले.

डॉसचेही तसेच झाले. १९९४ मध्ये जिम हॉल या विद्यार्थ्याने 'फ्रीडॉस'ची सुरुवात केली. ती आजही चालते. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये डॉसच्या अगदी जुन्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर अमेरिकेतल्या संगणक इतिहास संग्रहालयामार्फत खुला केला आणि २०२४ मध्ये चौथ्या आवृत्तीचाही. ज्याला हवे त्याने आता ती नलपासून सुरू होणारी साखळी कडीकडीने वाचावी.

माजघरातली पेटी

आजी २००१ मध्ये गेली. तोवर मामाने पाचशेच्या वर ओव्या उतरवल्या होत्या. प्रत्येकाला प्रत द्यायची राहून गेली. २०१८ मध्ये साताऱ्याचे घर आवरताना मामेबहिणीला बिस्किटांच्या डब्यात फ्लॉप्या सापडल्या. जुना संगणक केव्हाच गेलेला, त्याबरोबर ते कार्डही. मामाला आता नीट दिसत नाही. तो म्हणाला, "टाकून दे. ड्रायव्हर कुठला मिळणार?"

यूएसबीवर चालणारा एक फ्लॉपी ड्राईव्ह आणला. सातांपैकी सहा फ्लॉप्या वाचल्या गेल्या. फाईल उघडली तर ओळीच्या ओळी चिन्हांचा कचरा. पण त्या कचऱ्यात एक छोटासा, वर चढवलेला इंग्रजी तीन पुन्हा पुन्हा दिसत होता. भाचीने त्याचा आकडा काढला: १७९. मी खुर्चीतून उठलो. तो 'क' होता!

पुढचे काम एका दुपारचे. इस्कीचा तक्ता समोर ठेवून भाचीने वीस-पंचवीस ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. आजच्या युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच क्रमावर बेतलेली असल्याने अक्षरे जवळपास ओळीने आपापल्या जागी जाऊन बसली. कार्ड नाही, ड्रायव्हर नाही, डॉस नाही. आणि तरी भाचीच्या मोबाईलवर आजीची पहिली ओवी उभी राहिली.

सगळे मात्र मिळाले नाही. १९९९ मध्ये मामाने घरात विंडोजचा संगणक घेतला आणि शेवटच्या दीडशे ओव्या एका सुंदर दिसणाऱ्या मराठी फॉन्टमध्ये टंकल्या. त्या फॉन्टचे आकडे त्याचे त्याने ठरवलेले. कुठल्या मानकाशी त्यांचा संबंध नव्हता. तो फॉन्ट हरवला, बनवणाऱ्यांचा पत्ता लागला नाही. काना कुठला आणि वेलांटी कुठली, हे अंदाजाने लावत आम्ही त्यांतल्या साठेक सोडवल्या आहेत. बाकीच्या आहेत, पण मुक्या आहेत.

आपल्या घरात आज फोटो, आवाज, पत्रे, हिशेब, सगळेच कुठल्या ना कुठल्या पेटीत बंद आहे. ती पेटी उघडणारा दुभाष्या कोणाच्या पगारावर आहे आणि तो गेला तर दुसऱ्याला ती बोली शिकता येईल का, हे विचारून ठेवलेले बरे. चार महत्त्वाच्या गोष्टी साध्या, सर्वांना ठाऊक असलेल्या रूपात जपाव्यात, कागदावर छापूनही ठेवाव्यात.

गेल्या दिवाळीत आम्ही वाचता आलेल्या ओव्यांची छापील प्रत घरातल्या प्रत्येकाला दिली. मामाला मामेबहिणीने पहिली ओवी वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त केलं होतं ना?"

पाहिले. केले होते.